डबा घेण्याआधी टेप घ्या: घरातल्या साठवणीसाठी टिकाऊ प्लास्टिकचे डबे कसे निवडायचे

गेल्या वर्षी गणपतीच्या आठ दिवस आधी माळ्यावरून मखराचं सामान काढत होते. स्टुलावर मी, खाली स्टूल धरून सासूबाई. डबा चौकटीतून पुढे ओढला, दोन्ही बाजूंच्या क्लिपांना धरून उचलला आणि टक्क असा आवाज झाला. झाकण माझ्या हातात राहिलं, डबा खाली. लाइटच्या माळा, काचेची हंडी, पितळी घंटा, सगळं स्वयंपाकघरभर. सासूबाई आधी म्हणाल्या, "अगं, लागलं नाही ना तुला?" आणि मग म्हणाल्या, "आमच्या पत्र्याच्या ट्रंकेला पन्नास वर्षं झाली." क्रम बरोबर होता, म्हणून मी काही बोलले नाही.

डबा जेमतेम तीन वर्षांचा होता. काचेसारखा पारदर्शक, चकचकीत. त्याचे तुकडेही काचेसारखेच टोकदार निघाले. त्यातला एक बादलीभर पाण्यात टाकून बघितला तर तळाला जाऊन बसला. त्या बुडालेल्या तुकड्याचं काय, ते पुढे येईलच. त्यानंतर घरातले सगळे डबे बदलायला घेतले. या वेळी मात्र रंग आणि ऑफर बघून नाही. जे केलं ते क्रमाने लिहिते आहे.

पहिली पायरी: जागा मोजा, तीही चौकटीची

मुंबईतल्या घरात डब्याला स्वतःची जागा नसते. माळा, पलंगाखालची पोकळी, ओट्याखालचा कोपरा, वॉशिंग मशीनच्या वरची हातभर जागा, असं जिथे जमेल तिथे त्याला बसवायचं असतं. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. टू बीएचके वाल्यांनाही फार फरक पडत नाही, कारण सामान घराच्या मापाने वाढतंच.

माळा मोजताना आपण आतली लांबी-रुंदी मोजतो आणि फसतो. डबा आत जातो तो दाराच्या चौकटीतून. आमचा माळा आतून अडीच फूट उंच आहे, पण चौकट २२ इंचांची. त्यात एक पल्ला बिजागरीपाशी अडतो, म्हणून आणखी दीड इंच गेला. ६० सेंटिमीटरचा डबा तिथून आडवा जाणार नाही, लांबीने सरकवावा लागेल. मग आत वळवायला जागा आहे का, तेही बघावं लागतं.

डब्याचं माप त्याच्या सर्वांत रुंद ठिकाणी घ्या, म्हणजे झाकणाच्या काठाशी, क्लिपांसकट. क्लिप बाहेरच्या बाजूला उघडत असेल तर तिच्यासाठी दोन-तीन बोटं जागा मोकळी सोडा. पलंगाखालच्या डब्याची उंची चाकांसकट मोजा. पलंगाच्या पट्टीची खालची कडा आणि फरशी यांतलं अंतर दोन्ही टोकांना घ्या. जुन्या इमारतीतली फरशी सपाट असेलच असं नाही.

मापं कागदावर कळत नसतील तर रद्दीतला पेपर डब्याच्या तळाएवढा कापून त्या जागी पसरून बघा. मी तसंच केलं, आणि तीन मोठ्या डब्यांचा बेत तिथल्या तिथे दोनांवर आला.

दुकानदार लिटरमध्ये बोलतो. ते पडताळायला लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणा आणि हजाराने भागा. ६० × ४० × ३० चे ७२ लिटर होतात. पण बहुतेक डबे खाली निमुळते असतात, त्यामुळे प्रत्यक्षात सामान त्याहून कमी मावतं. निमुळत्या डब्यांचा एक फायदा आहे. रिकामे असताना ते एकात एक बसतात. क्रॉफर्ड मार्केटातून घेऊन लोकलच्या मालडब्यातून घरी न्यायचे असतील तर त्याची किंमत कळते.

दुसरी पायरी: आत काय जाणार ते आधी ठरवा

मोठा डबा घेतला की सगळं एकात मावेल, हा मोह प्रत्येकाला होतो. मावतं, पण उचलत नाही. पुस्तकांनी गच्च भरलेला ५० लिटरचा डबा २५ किलोच्या पुढे जातो. तो उचलताना हँडल तुटतं किंवा कंबर धरते. पुस्तकं, वह्या, हत्यारं, जुनी भांडी असल्या जड वस्तूंना २० लिटरच्या आसपासचा डबा पुरे. ५०-७० लिटरचे डबे पांघरुणं, उशा, स्वेटर, मखराचं सामान अशा हलक्या गोष्टींसाठी ठेवा. माळ्यावर जाणारा डबा भरल्यावर आठ-दहा किलोंच्या वर नको, हा माझा नियम. स्टुलावर उभं राहून डोक्याच्या वर उचलायचा असतो तो.

दुसरा प्रश्न हवेचा. रबरी किंवा सिलिकॉनची कड असलेला घट्ट डबा चांगलाच, असं आपण धरून चालतो. धान्याला तो चांगला. कपड्यांच्या बाबतीत मुंबईची हवा मधे येते. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर असते. त्या दिवसांत पांघरूण घडी करून घट्ट डब्यात घातलंत तर ती दमट हवाही आतच कोंडली जाते. मग दिवाळीत झाकण उघडल्यावर कुबट वास आणि काळे ठिपके. डबा शाबूत राहतो आणि आतलं सामान जातं. मुंबईत डबा फुटण्यापेक्षा हेच जास्त वेळा होतं. कपड्यांना साधं, नीट बसणारं झाकण पुरतं. घट्ट डबाच असेल तर तो कधी भरायचा हे महत्त्वाचं, त्याबद्दल शेवटी.

पैठणी आणि जरीच्या साड्या प्लास्टिकमध्ये ठेवूच नका. मलमलच्या कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवा आणि अधूनमधून घडी मोडा.

कागदपत्रांचं वेगळं. तळमजल्यावर किंवा सखल भागात राहत असाल तर २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. क्लिपा लावल्या की डबा वॉटरप्रूफ झाला असं नसतं. रबरी कड नसेल तर झाकणाच्या फटीतून पाणी आत जातं. शिवाय बंद आणि हलका डबा पाण्यावर तरंगतो, कलंडतो. घराचा करारनामा, दाखले, पासबुकं आधी झिपच्या पिशवीत, मग छोट्या रबरी कडेच्या डब्यात, आणि तो डबा छातीच्या उंचीवर.

तिसरी पायरी: तळ बघा

डबा उलटा करा. तळाला बाणांचा त्रिकोण आणि त्यात एक आकडा असतो. हा आकडा दर्जा सांगत नाही. १९८८ मध्ये अमेरिकेत प्लास्टिक उद्योगाने भंगार वेगळं करणं सोपं जावं म्हणून ही पद्धत सुरू केली. आकड्यावरून प्लास्टिकची जात तेवढी कळते, पण आपलं निम्मं काम तिथेच होतं.

५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन, बाजारात पीपी. साठवणीच्या डब्यांसाठी मी हेच घेते. वाकलं तरी चटकन तुटत नाही, गरम पाण्याने धुता येतं, आणि झाकणाला जोडून घडवलेली पातळ बिजागरी हजारो वेळा उघडझाप सोसते. २ म्हणजे एचडीपीई, म्हणजे जास्त घनतेचं पॉलिथिलीन. हाताला थोडं मेणचट लागतं, नखाने ओरखडा उठतो, पण आपटणं-धोपटणं जास्त चांगलं सोसतं. पाण्याची पिंपं, ड्रम, क्रेट याचे असतात. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. काचेसारखं स्वच्छ, कडक आणि ठिसूळ. माझा माळ्यावरून पडलेला डबा तो हाच.

घरात जुना, आकडा पुसलेला डबा असेल तर त्याचा तुटका कपचा पाण्यात टाका. पीपी आणि एचडीपीई पाण्यापेक्षा हलके, ते तरंगतात. पॉलिस्टायरीन आणि बाटल्यांचं पीईटी बुडतात. पूर्ण डबा टाकू नका, तो नावेसारखा तरंगेलच.

डांबरगोळ्या टाकायची सवय असेल तर एक लक्षात ठेवा: त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ पडतं, चिकटतं. पीपीच्या डब्यातही गोळ्या सुट्या न टाकता सुती पुरचुंडीत बांधा, आणि खाण्याच्या वस्तूंच्या आसपास तर नकोतच.

आता रंग. दुधी, अर्धपारदर्शक डब्यात आतलं अंधुक दिसतं आणि माल लपवता येत नाही. काळा, गडद निळा, चॉकलेटी या रंगांत भंगारातून पुन्हा वितळवलेला दाणा, म्हणजे डब्याचा कच्चा माल, सहज खपून जातो. पुन्हा वितळवलेला दाणा म्हणजे वाईटच असं नाही. धारावीत त्यावर केवढा मोठा धंदा उभा आहे, आणि कुंडी किंवा कचऱ्याचा डबा त्याचा असला तर काही बिघडत नाही. पण प्लास्टिक जितक्या वेळा वितळतं तितकं कमकुवत होतं, आणि आत काय काय मिसळलंय ते कुणी सांगू शकत नाही. व्हर्जिन, म्हणजे कोऱ्या दाण्याचे पैसे देऊन तो घ्यायचा नाही, एवढंच.

काळ्या रंगाला एक अपवाद. गच्चीत, बाल्कनीत, ग्रिलमध्ये ठेवायचा डबा काळाच बरा. उन्हातल्या अतिनील किरणांनी साधं पीपी दोन-तीन उन्हाळ्यांत पांढुरकं आणि भुसभुशीत होतं, बोटाने घासलं तर खडूसारखी भुकटी येते. काळ्या रंगातला कार्बन ब्लॅक ते किरण अडवतो. गच्च्यांवरच्या पाण्याच्या टाक्या काळ्या दिसतात त्या याचसाठी.

चौथी पायरी: दुकानात हात चालवा

क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीत एका दुकानात मी डबे बघत होते. दुकानदाराने सवयीने डबा जमिनीवर आपटून दाखवला. "बघा ताई, काही होत नाही. कडक माल आहे." मी म्हटलं, "भाऊ, कडक नको, चिवट दाखवा." तो हसला आणि आतून दुसरी थप्पी काढली. नुसतं आपटून दाखवल्याने फार काही कळत नाही. नवा डबा सगळेच सोसतात. त्याऐवजी मी पुढच्या गोष्टी बघते.

आधी डबा सपाट फरशीवर ठेवून समोरासमोरचे दोन कोपरे आळीपाळीने दाबते. डबा डुलला तर तळ वाकडा आहे. साच्यातून घाईने काढलेला, नीट थंड न झालेला माल असा निघतो. वाकड्या तळाच्या डब्याचं झाकण पुढे कधीच नीट बसत नाही.

मग उजेडाकडे धरून कोपरे. वितळलेलं प्लास्टिक साच्यात तळाच्या मधोमध असलेल्या छोट्या टिपक्यातून शिरतं आणि तिथून कोपऱ्यांकडे, काठाकडे पसरतं. स्वस्त डब्यात कोपरा कधी कधी पातळ राहतो. दुधी डब्यात कोपऱ्यातून उजेड बाकीच्यापेक्षा जास्त आला, की समजायचं. कोपरा गोलसर असावा. काटकोनी टोकदार कोपऱ्यावर सगळा ताण एका रेघेत येतो. आणि तो तळाचा टिपका बघा: त्याच्याभोवती पांढरट वलय किंवा केसासारखी रेघ असेल तर डबा परत ठेवा, तडा बऱ्याचदा तिथूनच निघतो.

नंतर भिंत. लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्याने दाबा. थोडी आत जाऊन लगेच परत आली पाहिजे. दाबलेल्या जागी पांढरा डाग उमटून तसाच राहिला तर माल थकलेला आहे. भिंतींना उभ्या धारा आणि काठाला खाली वळवलेली जाड पट्टी असेल तर चांगलं, कारण डब्याचं बळ भिंतीच्या जाडीत कमी आणि त्या धारांत-काठात जास्त असतं.

बोटाच्या पेराने वाजवा. पॉलिस्टायरीन काचेसारखं टणटण वाजतं, पीपीचा आवाज बोदा येतो. वास घ्या. नव्या प्लास्टिकला सौम्य वास असतो, तो दोन दिवस उघडं ठेवलं की जातो. जळका, रॉकेलसारखा किंवा साबण-फिनाईलसारखा वास आला तर तो भंगारचा माल.

झाकणावर सर्वांत जास्त वेळ घालवा. क्लिप दहा वेळा लावा-काढा, दुकानदार बघत राहिला तरी. क्लिप वेगळी घडवून खाचेत बसवलेली असेल तर तुटली तरी बदलता येते, आणि काही दुकानांत सुटी मिळते. डब्याबरोबरच घडवलेली असेल तर ती गेली की झाकण गेलं. क्लिप लावून झाकणाला धरून डबा उचलण्याची चूक मी केली, तुम्ही करू नका. क्लिपा झाकण बंद ठेवण्यासाठी असतात. ओझं काठाखालच्या खाचेत किंवा हँडलला हात घालून उचलायचं.

एकावर एक रचायचे असतील तर वरच्या डब्याचं वजन कुठे पडतंय ते वाकून बघा. वरचा तळ खालच्या झाकणाच्या कडेवर बसत असेल तर वजन भिंतींतून फरशीत उतरतं. तो झाकणाच्या मधल्या भागावर टेकत असेल तर काही महिन्यांत झाकण खोलगट होणार. सतत दाबाखाली प्लास्टिक हळूहळू बसतंच, आणि पत्र्याच्या छपराखालच्या उन्हाळ्यात आणखी लवकर. तीनाच्या वर थर मी लावत नाही, आणि जड डबा नेहमी खाली.

शेवटी एकाच लिटरचे दोन डबे दोन हातांत धरून बघा. जो जड, त्यात माल जास्त. दुकानात वजनकाटा असेल तर सरळ वजन करा. प्लास्टिकच्या धंद्यात कच्चा माल किलोवरच चालतो.

ऑनलाइन घेताना यातलं काहीच करता येत नाही. तिथे वजन, आतली मापं आणि आकडा लिहिला आहे का, एवढं बघा. लिहिलं नसेल तर सोडून द्या. आणि आल्या दिवशी सपाट फरशीवर डुलवून बघा, परत करायची मुदत संपल्यावर नाही.

पाचवी पायरी: स्वयंपाकघराचे डबे

इथे आकड्याबरोबर फूड ग्रेडची खूण हवी: पेला आणि काट्याचं चिन्ह, किंवा तसं छापलेलं. अन्नाशी संपर्कात येणाऱ्या पॉलिप्रोपिलीनसाठी आयएस १०९१० आणि पॉलिथिलीनसाठी आयएस १०१४६ ही भारतीय मानकं आहेत. डब्यावर किंवा खोक्यावर यांचा उल्लेख असेल तर उत्तम.

माप असं धरा: १० किलो तांदळाला १२-१३ लिटरचा डबा, ५ किलो कणकेला ९-१० लिटरचा. कणीक हलकी आणि फुगीर, म्हणून तिला किलोमागे जास्त जागा लागते. तोंड एवढं रुंद हवं की हात आत घालून तळ पुसता येईल. नाहीतर कोपऱ्यात जुनं पीठ राहतं आणि पोरकिडे तिथूनच नव्या पिठात येतात.

लोणचं, तूप, मसाला प्लास्टिकमध्ये नको. तेल आणि हळद प्लास्टिकमध्ये मुरतात, वास जात नाही. बरणी काचेची किंवा चिनी मातीचीच.

पाणी साठवायला निळे मोठे ड्रम स्वस्तात मिळतात, पण त्यातले बरेच कारखान्यांतून रसायनं रिकामी होऊन आलेले असतात. कितीही धुतलेला असला तरी असला ड्रम पिण्याच्या पाण्याला वापरू नका. पिंपाला घट्ट झाकण ठेवा आणि आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामं करून घासा. डेंग्यूचा डास अंडी पाण्याच्या पातळीजवळ भिंतीला चिकटवतो, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत.

सहावी पायरी: भरायचं कधी आणि कसं

गणपतीचं सामान अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच दिवशी माळ्यावर टाकायची घाई असते. हवा अजून ओली असते. मी ते आता तात्पुरतं बाहेरच ठेवते आणि दसरा उलटून ऑक्टोबरचं ऊन कडकडीत झालं की डब्यात भरते. पांघरुणं, स्वेटर दिवसभर ऊन देऊन, संध्याकाळी थंड झाल्यावर भरायचे. उन्हातून थेट डब्यात घातले तर उष्ण हवेतली वाफ आत थंड होऊन झाकणाला घाम येतो. महाबळेश्वरला नेण्यापुरत्या स्वेटरसाठी एवढा खटाटोप कशाला, असं घरात म्हणतात. पण वास लागलेला स्वेटर घालून तिथल्या थंडीत उभं राहिलेली मीच असते.

सिलिका जेलच्या पुड्या चप्पल-बुटांच्या खोक्यांतून जमवून ठेवा, पण त्या कायम काम करत नाहीत. ओल शोषून भरल्या की निकामी होतात.

पुठ्ठ्याची खोकी मात्र कायमची घालवा. पन्हळी पुठ्ठ्यातल्या पोकळ्या आणि त्यातली खळ झुरळांना आवडते, आणि ती बाजारातून घरी येतात तीही त्यातूनच. उंदराला प्लास्टिकही कुरतडता येतं. तो कडेपासून सुरुवात करतो, म्हणून डबे भिंतीला चिकटवून न ठेवता थोडी फट सोडा. मागे लेंड्या दिसल्या तर वेळीच कळतं.

प्रत्येक डब्याच्या दोन बाजूंना, झाकणावर नाही, मार्करने आत काय ते लिहा. झाकणं आपापसांत बदलतात.

फुटलेला डबा जोडायचा प्रयत्न बहुतेक वाया जातो. पीपी आणि एचडीपीईला साधे गोंद धरत नाहीत, तो झटपट चिकटवणारासुद्धा. तडा छोटा असेल तर दोन्ही टोकांना गरम सळईने बारीक भोक पाडा, चीर पुढे सरकत नाही. मग तो कांदे-बटाट्यांना द्या. बोहारणीकडून जुन्या साड्यांवर आलेले टब असेच संपतात आमच्याकडे.

बाकीचे जुने डबे मी भंगारवाल्याला बोलावून दिले. त्याने एकेक हातात घेतला, पेराने वाजवला, कडा वाकवून बघितली आणि दोन ढीग केले. माळ्यावरून पडलेला तो चकचकीत डबा त्याने एकदाच वाजवला आणि बाजूला सरकवला. "ये नहीं ताई. इसका भाव नहीं आता."